प्रेताच्या पायापासून सुरू होणारा शॉट

तुम्ही विचारलेले प्रश्न दोन आहेत. हल्लीच्या गुन्हेगारी मालिकांत आणि सिनेमांत तपास अधिकारी म्हणून बायका सर्रास दिसतात, तरी पाहताना जुनंच काहीतरी चाललंय असं का वाटतं? आणि यावर अभ्यास करायचा तर नेमकं मोजायचं काय?

मी संकलक आहे. वीस-बावीस वर्षं एडिटच्या खोलीत गेली, त्यातली निम्म्याहून अधिक खून, अपहरणं आणि चौकशा यांच्या संगतीत. पडद्यावरच्या स्त्री-पुरुषांविषयी वर्गात शिकवणारे माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मला जे दिसतं ते टाइमलाइनवर दिसतं. तिथून माझं उत्तर असं, की वर्दी कोणाच्या अंगावर आहे हे मोजून फारसं हाती लागत नाही. कॅमेरा कोणाकडे बघतो, कोणाच्या डोळ्यांनी बघतो आणि कोणासाठी थांबतो, ते मोजा. पात्राचं लिंग बदलायला लेखकांची एक बैठक पुरते. बघण्याची सवय मात्र हातात मुरलेली असते, ती बैठकीत निघत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मालिकेचा पहिला भाग माझ्याकडे आला. तपास अधिकारी स्त्री, दिग्दर्शकही स्त्री. शवागाराचा प्रसंग संहितेत एका ओळीचा होता: ती येते, प्रेत बघते, काही बोलत नाही. रशेसमध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्या कच्च्या फुटेजमध्ये, त्या एका ओळीचे ११ शॉट. पहिलाच ट्रॉलीच्या पायथ्यापासून सुरू होणारा. अंगठ्यावरचं उडालेलं नेलपॉलिश, घोटा, पोटरी, मांडीवरून घसरलेली चादर, मग सावकाश वर, खांदा, ओले केस आणि सगळ्यात शेवटी चेहरा. १९ सेकंद. प्रकाश निळसर, कातडी संगमरवरासारखी, जखम एकच आणि तीही नीटनेटकी, मानेच्या कडेला. अभिनेत्री बिचारी श्वास धरून पडलेली; शेवटी शेवटी तिचं पोट हललं होतं, तो तुकडा मी फ्रीझ करून झाकला. त्याच मालिकेच्या चौथ्या भागात एक पुरुष मारला जातो. तो नाल्याच्या कडेला पालथा पडलेला, एकच लांबचा शॉट, ३ सेकंद, आणि लगेच हवालदारांचे बूट.

हे असं करायचं म्हणून कोणी ठरवलं नव्हतं. छायाचित्रकाराला विचारलं तर तो म्हणाला, ‘असंच घेतात ना?’ माणूस सज्जन, कामात चोख. त्याच्या हाताने तेच केलं जे शंभर वेळा पाहिलं होतं.

मी माझ्या कटमधून तो शॉट काढला. अधिकारी दारातून आत येते तिथून सुरुवात केली, तिच्या चेहऱ्यावर थांबलो, आणि रशेसच्या तळाशी पडलेला एक शॉट उचलला. शवागारातला माणूस प्रेताच्या बोटातली अंगठी काढतोय. ती निघत नाही. तो साबण लावतो, फिरवतो, काढून पाकिटात टाकतो, पाकिटावर नंबर लिहितो. दिग्दर्शिकेने पाहिलं, चांगलं झालंय म्हणाली, आणि मग विचारलं, ‘तो सुंदर शॉट कुठे गेला?’ सुंदर. शब्द सहज निघून गेला आणि आम्ही दोघंही क्षणभर गप्प बसलो. प्रसारित झालेल्या भागात त्या शॉटचे ९ सेकंद राहिले. अंगठीही राहिली. तडजोड म्हणजे काय, तर ही.

या सवयीला नाव मिळूनही आता अर्धं शतक झालं. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ साली आपल्या निबंधात मांडलं, की मुख्य धारेच्या सिनेमात बघणारा पुरुष असतो आणि बघितली जाणारी स्त्री. प्रेक्षक कोणीही असो, त्याला त्या पुरुषाच्या जागी बसवलं जातं. ‘पुरुषी नजर’ हा शब्द तिथून रूढ झाला आणि आता इतका गुळगुळीत झालाय की तो वापरताना मलाच कंटाळा येतो. पण गुन्हेकथेत या म्हणण्याला एक जास्तीची धार आहे. प्रेमकथेत जिच्याकडे बघितलं जातं ती निदान उलट बघू शकते. गुन्हेकथेतली बहुतेक वेळा मेलेली असते.

जुन्या हॉलीवूड नुआर सिनेमांकडे, म्हणजे त्या काळोख्या गुन्हेकथांकडे, जरा पाहा. १९४४ च्या ‘डबल इन्डेम्निटी’त नवऱ्याचा काटा काढायला निघालेली बाई जिना उतरून येते तेव्हा कॅमेरा तिच्या पायातल्या साखळीवर असतो. सगळी गोष्ट सांगतो तो तिचा साथीदार विमा एजंट, कार्यालयातल्या डिक्टाफोनमध्ये कबुली देत. म्हणजे ती कशी होती, तिला काय हवं होतं, तिने कोणाला फसवलं, हे सगळं आपल्याला एका गुन्हेगार पुरुषाच्या जबानीतून कळतं; आणि आपण ती जबानी प्रमाण धरतो, कारण आवाज त्याचा आहे. त्या काळात हॉलीवूडवर निर्मितीसंहितेचा, म्हणजे पडद्यावर काय चालेल याच्या नियमावलीचा, अंमल होता, १९३४ पासून कडक आणि १९६८ पर्यंत नावापुरता तरी. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे हा त्यातला दंडक. त्यामुळे मोहात पाडणारी, पैसा मागणारी, नवऱ्याला कंटाळलेली बाई शेवटच्या रिळात मरणार किंवा तुरुंगात जाणार हे ठरलेलंच. गंमत अशी, की बार्बरा स्टॅनविकचं ते पात्र आजही एवढं जिवंत वाटतं की त्या शिक्षेकडे कोणाचं लक्ष जात नाही. अभिनेत्री अशा नियमावलीला पुरून उरते, हे आमच्या धंद्यात अधूनमधून होतं.

मेलेल्या मुलीकडे परत येतो. १९९० च्या ‘ट्विन पीक्स’मध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लॉरा पामर किनाऱ्याला सापडते आणि अख्खी मालिका तिच्याभोवती फिरते. शेरिल ली या अभिनेत्रीला मुळात घेतलं होतं ते जवळपास फक्त प्रेत आणि फोटो यांच्यापुरतं. पुढे तिला करता यावी म्हणून लॉराची नात्यातली एक बहीण लिहिली गेली, आणि १९९२ मध्ये त्याच दिग्दर्शकाने लॉराच्या शेवटच्या दिवसांवर, तिच्या बाजूने, सिनेमा केला. तो तेव्हा पडला, समीक्षकांनी झोडपला. मालिकेतली लॉरा म्हणजे एक हसरा फोटो होती, प्रत्येकाने त्यात आपल्याला हवं ते बघावं अशी. सिनेमातली लॉरा घरातच अत्याचार सोसणारी, घाबरलेली, वाट्टेल ते करणारी पोर होती, आणि ती बघणं लोकांना जड गेलं. आज त्या सिनेमाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. कोड्यातली मुलगी सगळ्यांना हवी असते, तीच बोलायला लागली की प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते.

मग गोष्ट सांगायची तर कशी? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर डेन्मार्कमधून आलं. २००७ च्या ‘फोरब्रुडेल्सन’चा पहिला हंगाम: २० भाग, खून एकच, प्रत्येक भाग तपासाचा एक दिवस. तपास अधिकारी सारा लुंड आणि तिचा स्वेटर यांचं कौतुक खूप झालं, पण संकलक म्हणून मला त्यात थक्क करतं ते मारल्या गेलेल्या मुलीच्या आईबापांना दिलेलं फुटेज. तपास पुढे सरकत असताना आपण पुन्हा पुन्हा त्या घरात जातो. तिथे नवं काही कळत नाही. धाकट्या मुलांना काय सांगायचं, जेवणाच्या टेबलाशी कोणी बसायचं, एवढंच चाललेलं असतं. माहिती न देणारा प्रसंग आमच्याकडे सगळ्यात आधी कापला जातो. ‘इथे गोष्ट पुढे जात नाहीये’ हा शेरा मी स्वतः कितीदा लिहिलाय. त्या लोकांनी तो कापला नाही, म्हणून ती मुलगी वीस भाग मेलेली असूनही कोणाची तरी मुलगी राहते.

आता आकडे, कारण ते पडद्याच्या बरोबर उलटे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१९ मध्ये हत्यांवरचा जागतिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१७ मध्ये जगभरात सुमारे ४ लाख ६४ हजार माणसांची हत्या झाली आणि त्यांतले ८० टक्क्यांच्या आसपास पुरुष होते. मारल्या गेलेल्या बायका आणि मुली सुमारे ८७ हजार. त्यांपैकी ५० हजारांच्या घरात जोडीदाराने किंवा कुटुंबातल्याच कोणी मारलेल्या. म्हणजे खऱ्या जगात मरतो तो बहुतकरून पुरुष, आणि बाई मरते ती बहुतकरून ओळखीच्या हातून. पडद्यावर मात्र तरुण बाई अनोळखी, हुशार, विधी केल्यासारखं मारणाऱ्या माथेफिरूच्या हातून मरते. हे निव्वळ अज्ञानातून होत नाही. नवऱ्याने केलेल्या खुनात कोडं नसतं. शेजाऱ्यांना आधीच ठाऊक असतं, कित्येकदा आधी तक्रारही झालेली असते. दहा भाग ताणायला त्यात काही सापडत नाही. माथेफिरू मिळाला की कोडं मिळतं, आणि वर सगळा दोष एका विकृत माणसाच्या खात्यावर टाकून बाकीचे मोकळे होतात.

तपास करणाऱ्या बाईची कहाणी तुम्हाला पुस्तकांत सापडेल, मी भरभर जातो. १९७४ ला सुरू झालेल्या ‘पोलीस वुमन’ची नायिका गुन्हेगारांत मिसळायची ती बहुधा नर्तकी किंवा वेश्या बनून. ‘कॅग्नी अँड लेसी’ ही दोन पोलीस मैत्रिणींची मालिका १९८२ मध्ये आली. पहिले सहा भाग झाल्यावर त्यातली एक अभिनेत्री बदलली गेली, कारण जोडी फार कडक वाटते अशी वाहिनीवाल्यांची कुरकुर होती. मालिका बंदही पडली, प्रेक्षकांच्या पत्रांनी परत आली, आणि तिच्या दोन नायिकांनी मिळून लागोपाठ सहा वर्षं प्रमुख अभिनेत्रीचा एमी हा टीव्ही पुरस्कार नेला. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये लिंडा ला प्लांट यांची ‘प्राइम सस्पेक्ट’ आली. हेलन मिरेनने साकारलेल्या पोलीस अधिकारी जेन टेनिसनला तपास मिळतो तो तिच्या जागी असलेला पुरुष अधिकारी हृदयविकाराने मरतो म्हणून. आणि तिचं पहिलं मोठं काम काय, तर त्या अधिकाऱ्याने प्रेताची ओळखच चुकीची पटवली होती, हे शोधून काढणं. खुनी कोण हे विचारण्याआधी ती विचारते, मेलेली कोण. तीन दशकं झाली, अजून मला यापेक्षा नेमकी सुरुवात भेटलेली नाही.

त्याच वर्षीचा ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ मात्र अभ्यासासाठी शॉटगणिक उघडून बसा. त्यातली नायिका, एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस स्टार्लिंग, हिच्याशी बोलताना पुरुष जवळजवळ थेट लेन्समध्ये बघतात. ती बोलते तेव्हा तिची नजर लेन्सच्या किंचित बाजूला असते. हा फरक काही अंशांचा आहे, पण त्यामुळे प्रेक्षक तिच्या खुर्चीत बसतो आणि पुरुषांच्या नजरा आपल्या अंगावर येतात. बाईला कसं बघितलं जातं हे दाखवायला तिच्याकडे बघायची गरजच उरत नाही. त्यातलाही एक शवाचा प्रसंग आहे. खोलीत स्थानिक पोलिसांची गर्दी. ती त्यांना बाहेर जायला सांगते, मग वाकून टिपत जाते: टोचलेले कान, चकाकीचं नेलपॉलिश, ही मुलगी खेड्यातली नाही, शहरातली असावी. माझ्या रशेसमध्येही नेलपॉलिशच होतं. तिथे ते माहिती आहे, माझ्याकडे ते सजावट होतं.

आणि तरी शेवटी काय होतं पाहा. अंधाऱ्या तळघरात क्लॅरिस चाचपडत असते, खुन्याच्या डोळ्यांवर रात्री दिसणारा चष्मा असतो, आणि सिनेमाभर तिच्या डोळ्यांनी बघणारा कॅमेरा अचानक त्याच्या डोळ्यांत जातो. त्याचा हात तिच्या केसांजवळ येतो. प्रसंग भन्नाट आहे, मी विद्यार्थ्यांना तो दाखवतोच. पण सगळ्यात घबराटीच्या क्षणी आपल्याला कोणाच्या जागी बसवलं, हेही विचारतो.

याच सिनेमाचं दुसरं देणं टाळता येत नाही. त्यातला खुनी बायकांच्या कातडीचा पोशाख शिवतो, आरशासमोर नटतो. तो खऱ्या अर्थाने पारलिंगी नाही असं संवादात सांगितलंय. पण डोळ्यांत राहतो तो आरशासमोरचा नाच, संवाद विरून जातो. १९६० च्या ‘सायको’पासून बायकी कपड्यातला खुनी ही धक्क्याची हुकमी युक्ती होऊन बसली, आणि ज्यांचा खुनाशी काही संबंध नाही अशा माणसांकडे लोक त्या चित्रातून बघू लागले. पारलिंगी समाजाने यावर घेतलेली हरकत मला पूर्ण पटते. वाक्य टाकून चित्र पुसता येत नाही, हे कुठलाही संकलक शपथेवर सांगेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नातलं ‘जुनंच काहीतरी’ आजच्या नायिकेत कुठे लपलंय? माझ्या मते तिच्या मोबाइलमध्ये. ती घटनास्थळी वाकून काहीतरी बघत असते आणि फोन वाजतो: मुलगा शाळेत वाट बघतोय, आई आजारी आहे, नवरा चिडलाय. असे कट मी इतके लावलेत की आता फोनचा स्क्रीन दिसला तरी हात आखडतो. पुरुष तपास अधिकाऱ्याचंही घर मोडलेलं असतंच, पण त्याचं मोडलेलं घर म्हणजे त्याच्या निष्ठेचं प्रमाणपत्र. तिचं मोडलेलं घर म्हणजे तिच्यावरचा आरोप. पटकथेत दोघांचे प्रसंग सारखेच लिहिलेले असू शकतात. फरक पडतो तो पुढच्या कटने. त्याच्या फोननंतर आपण परत पुराव्याकडे जातो. तिच्या फोननंतर तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणाचे चार सेकंद.

अपवाद आहेत, आणि ते बहुधा अभिनेत्रींनी भांडून मिळवलेले. २०२१ च्या ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’मध्ये तपास अधिकारी झालेल्या केट विन्स्लेटच्या पोटाची वळी एका प्रसंगात दिसत होती, दिग्दर्शकाने ती काढायची तयारी दाखवली आणि तिने नको म्हणून सांगितलं, जाहिरातीच्या पोस्टरवर चेहऱ्याच्या सुरकुत्या पुसल्या म्हणून तिने ते परत पाठवलं. हे तिनेच मुलाखतीत सांगितलंय.

गुन्हा करणाऱ्या पुरुषाच्या बायकोचं नशीब तर याहून वाईट. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये नवरा अमली पदार्थ बनवतो, माणसं मारतो, आणि प्रेक्षकांच्या शिव्या खाते त्याला अडवणारी बायको. ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी २०१३ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून हा द्वेष आपल्यापर्यंत कसा पोचला ते सांगितलं. यात प्रेक्षकांइतकीच रचनाही जबाबदार आहे. आपण ज्याच्या खांद्यावरून गोष्ट बघतो त्याचा बेत यशस्वी व्हावा असं वाटायला लागतं. मग तो बेत काहीही असो, आडवा येणारा माणूस खुपतो. आणि आडवं यायला लेखक बायकोलाच उभं करतात.

पुरुषांविषयी कमी लिहिलं जातं, ते चूक आहे. लिंगभाव म्हटलं की फक्त बायका मोजायच्या अशी अभ्यासकांचीही सवय. नाल्याकाठचा तो ३ सेकंदांचा माणूस आठवा. पडद्यावर पुरुषांचे मृत्यू ढिगाने होतात आणि ते हिशोबासारखे जातात, टोळीतला एक गेला, दुसरा गेला. त्यांच्या आया क्वचित दिसतात. जिवंत पुरुषाला राग सोडून दुसरी भावना सहसा परवडत नाही. दुःख झालं की त्याने भिंतीवर मूठ आपटायची. तुरुंगात पुरुषावर होणारा लैंगिक अत्याचार तर चौकशीच्या खोलीत संशयिताला घाबरवायचा विनोद म्हणून वापरतात, आणि तो विनोद अजूनही पास होतो. एखाद्या स्त्रीविषयी तसं वाक्य आलं तर आज कोणीतरी हात वर करतं.

लैंगिक हिंसा दाखवण्याबाबत गेल्या काही वर्षांत खरोखर फरक पडलाय. २०१९ ची ‘दिल्ली क्राइम’ एका सामूहिक बलात्काराच्या तपासावर आहे, पण तो अत्याचार ती दाखवत नाही. तो कळतो तो जबान्यांतून, डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून. त्याच वर्षीची ‘अनबिलीव्हेबल’ मला त्याहून धाडसी वाटते. पहिल्या भागात त्या मुलीला घडलेलं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, एका पोलिसाला, मग रुग्णालयात, मग दुसऱ्या पोलिसाला, मग लेखी. प्रत्येक वेळी आपल्याला तिच्या बाजूने दिसलेले तुटक तुकडे दिसतात, कधीच अख्खा प्रसंग नाही. प्रेक्षकाला जे असह्य होतं ते त्या चौकशीचं सभ्य, थंड पुनरावर्तन. संकलनात पुनरावृत्ती म्हणजे दोष मानतात. इथे सगळी गोष्टच तिच्यावर उभी आहे.

मोजायचं काय, त्याकडे आता. आवाज बंद करून बघा. संवाद आणि पार्श्वसंगीत गेलं की कट उघडे पडतात. हातात स्टॉपवॉच घ्या. स्त्रीचं शव किती सेकंद, पुरुषाचं किती, कुठल्या अवयवापासून सुरुवात, हे लिहा. प्रश्न विचारला गेल्यावर कट कोणावर जातो ते बघा: विचारणाऱ्यावर राहिला तर त्याची बुद्धी महत्त्वाची, ऐकणाऱ्यावर गेला तर त्याची अवस्था. चौकशीच्या प्रसंगांत पुरुष अधिकाऱ्याची बुद्धी आणि स्त्री अधिकाऱ्याची अवस्था अशी वाटणी किती वेळा होते, हे मोजल्यावर तुम्हीच चकित व्हाल. मग आवाज लावा आणि दोन गोष्टी टिपा. दुवा सापडतो कोणाला आणि तो खोलीभर समजावून सांगतो कोण; ही दोन माणसं वेगळी असली की थांबून बघा. आणि मेलेल्या व्यक्तीचं नाव शेवटचं कधी उच्चारलं जातं. पुष्कळ मालिकांत ते मधल्या भागांतच बंद होतं आणि पुढे फक्त ‘केस’ उरते.

सगळे भाग बघायची गरज नाही. पहिला भाग घ्या आणि शेवटून दुसरा. पहिल्यावर सगळ्यांनी खूप विचार केलेला असतो. शेवटून दुसऱ्यापर्यंत मुदत संपत आलेली असते, सगळे थकलेले असतात आणि हात सवयीने चालतात. शेवटचा भाग नको, तिथे सगळेच शहाण्यासारखे वागतात.